राजाच्या गळ्यावरची खाच

नाव: ज्योव्हेलिन राबानल, वय २३ वर्षे. धंदा: वडिलांच्या दुकानात पर्यटकांसाठी जुन्या स्पॅनिश नाण्यांच्या प्रतिकृती बनवणे. शिक्षण: बारावी, नाण्यांचे काम घरीच शिकले. राहणार विगान, इलोकोस सुर प्रांत. दि. १५ फेब्रुवारी २०२४.

मी स्वतःहून ठाण्यात येऊन सांगते की, दि. ११ रोजीच्या माझ्या जबाबात "मी दिली तेव्हा तेराही नाणी अस्सल होती" असे लिहिले आहे, ते चूक आहे. बारा अस्सल होती. एक आमच्या दुकानातले होते.

दि. ५ रोजी सकाळी दहाच्या सुमारास आपो (म्हणजे आजी) सालुद पाक्लेब, वय ७१, यांनी घराण्यातली तेरा चांदीची नाणी माझ्याकडे साफ करायला दिली. नातवाच्या लग्नात ती नवरीच्या ओंजळीत ओतायची होती. त्यांतल्या एकावर राजाच्या गळ्यापाशी खाच आहे. आपोंना न विचारता मी त्या नाण्याचा साचा घेतला, कथलाच्या मिश्रधातूची एक प्रत ओतली आणि ती अस्सल नाण्याबरोबर एकाच फडक्यावर घासून चमकवली.

दि. ९ रोजी पिशवी भरताना मी ते नाणे खाचेवरून ओळखले. साच्यातून खाचही उतरते, हे मला माहीत होते. अस्सल नाण्याच्या कडेला नक्षी असते, आमच्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ. मी सात वर्षांची असल्यापासून तातांग, म्हणजे माझे वडील, सांगत आले आहेत, "कड आधी, चेहरा नंतर." मी कड पाहिली नाही. वजनही केले नाही. काटा हाताशी होता.

दि. १० रोजी चर्चचे सेवक मनोंग (म्हणजे दादा) डेल्फिन आग्काओइली, वय ५४, यांनी पिशवी दुकानातून चर्चमध्ये नेली. नाणी ओंजळीत पडताना एकाचा आवाज बसका आला. मी तिसऱ्या बाकावर होते. मला कळले. आपोंनाही कळले. चर्चच्या दारात सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "डेल्फिन, तुझ्या लेकाचं लग्न ठरलंय ना? एक तर जमलं. आता उरलेली बारा कुणाच्या घरून नेतोस?" काही लोक हसले.

मनोंग डेल्फिन मला म्हणाले, "ज्योव्हे, तू बांधलेली गाठ तशीच होती. सांग की यांना."

मी म्हणाले, "मी दिली तेव्हा तेराही खरी होती, मनोंग."

गाठीबद्दल मी बोलले नाही. गाठ माझीच होती.

त्याच दुपारी प्रतिकृतींच्या ट्रेमध्ये मला अस्सल नाणे सापडले. ते मी कपाटात ठेवले. म्हणजे दि. ११ चा जबाब देताना ते माझ्या कपाटात होते. जेवताना तातांगनी विचारले, "कड पाहिली होतीस ना?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात मासा वाढला.

मनोंग डेल्फिन यांना चर्चच्या कामावरून दूर केले आहे व रोज चौकशीला बोलावले जाते. आज मी आले तेव्हा ते बाहेर बाकावर होते. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी उभी राहिले.

त्यांनी काहीही चोरलेले नाही. अस्सल नाणे मी हजर करीत आहे.

हा मजकूर मला माझ्या इलोकानो भाषेत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, या वेळी मी काही गाळलेले नाही. सही करण्यापूर्वी माझ्या विनंतीवरून एक वाक्य जोडले: त्याच चर्चच्या दारात, आपो सालुद आणि मनोंग डेल्फिन दोघेही उभे असताना, मी हे माझ्या तोंडाने सांगणार आहे, सकाळच्या प्रार्थनेनंतर, रविवार, दि. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी.