घरी करते, असं मी म्हणाले

अक्षर वाकडंतिकडं आहे, शब्दही चुकले असतील, वाचणाऱ्यानं माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून सहीशिवाय काही लिहिलं नाही. आणि तोंडानं तर मला मुळीच सांगता येत नाही.

माझं माहेर मोताळ्याकडचं, सासर मलकापूरजवळचं. दोन्हीकडे निंदणात, म्हणजे तण काढताना, माझी पात, वाट्याला आलेली ओळ, सगळ्या बायांच्या आधी संपायची, एकदा उकिडवं बसलं की दिवसभर तसंच सरकत जायचं, काय सांगू तुम्हाला, आपल्याला गुडघे आहेत हे कधी ध्यानातच आलं नाही. मग एका कापसाच्या हंगामात ट्रॉलीतून उतरताना पाय चाकावरून सटकला आणि उजवा गुडघा दगडावर आपटला. सांध्यातच हाड फुटलं.

मलकापूरला ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. पैसे नव्हते, मोठ्या जाऊबाईनं तिची एकुलती म्हैस विकली. डॉक्टर म्हणाले, माझं काम झालं, आता तुमचं, दुखलं तरी रोज पाय वाकवा, नाहीतर सांधा आखडेल. व्यायाम शिकवायला एक साहेब यायचे, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. लुगडं गुडघ्याच्या वर घ्या म्हणायचे, पाय हातात धरायचे, समोरच्या खाटेवरची माणसं बघायची, मी पदर तोंडाला लावायचे. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मी घरी करते. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. मग ते पुढच्या खाटेकडे गेले.

घरी सासूनं पायाखाली गोधडीची घडी ठेवली, म्हणाली, लोखंड टाकलं हाये आतमंधी, वाकवशीन तं निंघून जाईन, पडून राय मुकाट्यानं. मायेनंच म्हणाली, डिंकाचे लाडू करून घातले. आणि खरं लिहिते, मला बरंच वाटलं. दुखणंही चुकलं आणि लाजही.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, तो अर्ध्यावर थांबला तो थांबलाच. व्यायाम केला का? मी हो म्हणाले. ते म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून मोकळा करता येईल, पण पूर्ण वाकेलच असं नाही. बाहेर आल्यावर सोबत आलेली जाऊबाई म्हणाली, काऊन खोटं बोलली वं? मी पाय ओढत पुढं चालू लागले. दुसऱ्या ऑपरेशनाचं नाव कोणी काढलं नाही, तिच्या गोठ्यात आता विकायला काही नव्हतं.

निंदण सुटलं. कापूस उभ्यानं वेचता येतो, तेवढाच वेचते. बाया म्हणतात, ए मुकादमीण, तुहं बरं हाये, उभी राहून आमच्यावर नजर ठेवतं. मीही हसते. चार हंगाम वेचणीचे पैसे जाऊबाईला देत गेले. या पौषात शेवटचे दिले, म्हशीचे सगळे फिटले. तिनं मोजलेही नाहीत, पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाली, बस, चहा घे. ती चुलीजवळ पाटावर बसली होती, सासू तिच्या बाजूला. मी दाराला टेकून उभ्यानंच घेतला.