तीन आठवड्यांची नखं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

"उद्या ऑपरेशन, आणि आज जेलची नखं करून आलीस?" लेकीने आईला विचारलं.

"तीन आठवडे टिकतात म्हणे."

"काढताना खालचं नख पापुद्र्यासारखं होतं, ते नाही सांगितलं?"

"सांगितलं. पण साधा रंग माझ्या हातावर दुसऱ्या दिवशी उडतो गं. भांडी, धुणं."

"मग आत्ताच का?"

"डॉक्टरांनीच तीन आठवडे घरकाम बंद सांगितलंय. पुन्हा कधी जमणार?"

नर्स आली.

"मावशी, ऑपरेशनच्या वेळी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावतो आम्ही. एका नखाचं जेल काढावं लागेल."

"एकच ना? मग काढा. बाकीची राहू देत. मागच्या ऑपरेशननंतर डोळे उघडले, तर आधी हातच दिसले. मला वाटलं, कुणा म्हातारीचे आहेत."