तासाभराचं कोल्हापूर

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय दत्तोपंत सर, मुख्याध्यापिका मनस्विनीताई, कोल्हापूरहून मुद्दाम आलेले नवरदेव शिवमराव आणि त्यांचे वडील, पहिल्या रांगेतल्या सरूबाई, माझे सहकारी, आणि मागं समोशांची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

आज आपण सायलीला निरोप देतोय. लग्न आठवड्यावर आलंय, पुढं ती कोल्हापूरच्या शाळेत शिकवणार. इतकी वर्षं आमचे वर्ग शेजारी. विमानतळाशेजारच्या आपल्या मुकुंदवाडीवरून विमान गेलं की माझी मुलं खिडकीकडं पळायची आणि मी ओरडायची. सायलीची मुलंही पळायची, पण ती त्यांच्या पुढं पळायची! अशा मुलीचं लग्न विमानावरूनच मोडायची वेळ यावी, याला काय म्हणावं?

झालं असं. चितेगावला सायलीच्या घरी बैठक बसली होती. मुलगा पसंत, मुलगी पसंत. पण वडील गेल्यापासून घरात या दोघी मायलेकीच. आईचा, म्हणजे सरूबाईंचा, एकच हट्ट, लेक लांब द्यायची नाही. मी मध्यस्थ, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी. तेवढ्यात शिवमरावांच्या वडिलांनी मोबाईल पुढं केला. "हे बघा ताई, विमानतळ ते विमानतळ पावणेचारशे किलोमीटर. उड्डाणाला फक्त एक तास!" मलाही हायसं वाटलं.

सरूबाई म्हणाल्या, "एकच तास? मंग लई बेस झालं. दर इतवारी भाकरी खायला धाडा लेकीला. सांजच्याला माघारी येईल."

व्याही छताकडं बघायला लागले. क्षमा असावी, पण बघत होतात! मग शिवमराव बोलले, "मावशी, थेट विमानच न्हाई सध्या. मोबाईल नुसता हिशेब करून सांगतोय. आधी मुंबईला जायचं, तिथं बदलायचं, सगळा दिवस जातोय बघा. मी तर रात्रभर बसनं आलोय, कंबर धरलीया."

अहो, लग्न जमेपर्यंत तरी गप्प बसावं की नाही माणसानं?

सरूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "लांबच हाय म्हणा की," त्या म्हणाल्या. "पण पोरगं खोटं बोलत नाय. सायले, अजून पोहे दे त्याला." लग्न तिथंच ठरलं.

नवरीसोबत सासरी पाठराखीण म्हणून मी जायचं असं ठरलं होतं. मी बॅगसुद्धा काढून ठेवली होती. काल सरूबाई शाळेत आल्या. "बाई, रागावू नका. पाठराखीण म्हणून मीच जाते."

म्हटलं, "अहो, आई जात नसते. रीत आहे ती."

"रीत ऱ्हाऊ द्या. लांब हाय का जवळ, ते कुणाला कळाया पाहिजे? मलाच ना? बशीनंच जाते. एकदा रस्ता पाहिला, की मंग मला एकटीला जाता येईल."

माझा मान गेला, पाठराखिणीला मिळणारी साडीही गेली. पण खरं सांगते, कित्येक दिवसांत इतका आनंद झाला नव्हता मला.

संस्थेनं हा कार्यक्रम घडवून आणला, तुम्ही सगळे आवर्जून आलात, सर्वांची मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात व्याह्यांची थट्टा जरा जास्तच झाली, काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला.

आणि सरूबाई, पोचलात की फोन करा. कोल्हापूर किती लांब आहे, ते आता तुमच्याकडूनच ऐकायचंय.