एका दमात

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. दोघांच्याही मनगटावर ऑपरेशनआधी बांधतात त्या नावाच्या पट्ट्या होत्या.

"दादा, त्या रोबोटच्या जपानी अ‍ॅनिमेचं परीक्षण लिहिलंस?"

"लिहिलं. पाचपैकी चार तारे. डोंगराएवढे रोबोट झकास काढलेत."

"मग एक का कापलास?"

"दर भागात तेच. दोघं कोवळे पायलट, एक मुलगा नि एक मुलगी, शेजारी बसणार, एका दमात 'तयार' म्हणणार, तेव्हा कुठे रोबोट हलणार. कान किटले."

"आणि एकानं म्हटलंच नाही तर?"

"तर दोघांनाही खाली उतरवतात."

"शेवटी काय होतं?"

"काय व्हायचंय? दोघं सुखरूप परततात."

"दादा, शेवटचा भाग मी काल पाहिला."

"कशाला पाहिलास?"

"ती परत येत नाही."

"चिमणे, तुझी किडनी तुझ्याकडेच राहू दे. मी काढीन डायलिसिसवर दिवस."

"गप रे. हात बघू. केवढा गार पडलाय!"

"तुझा कुठे गरम आहे?"

दार उघडलं. नर्सनं विचारलं,

"किडनी देणाऱ्या तुम्ही ना? तयार?"

"तयार."

"आणि तुम्ही?"

"…"

"अहो दादा, तुम्हालाच विचारतेय. तयार?"