डाव्या गालावरचा तीळ

— नाही गं, फुलं नकोत. वडिलांसाठी पाहिजे म्हणालीस ना? मग तो गुलाबाचा ठसा ठेव बाजूला. पुरुषांच्या कार्डावर फूल छापलं की ते बघतात, छान आहे म्हणतात अन् बायकोच्या हातात देऊन मोकळे होतात. आपलं वाटतच नाही त्यांना. त्यांना रोजच्या हाताखालचं काहीतरी लागतं — चहाची कपबशी, मनगटी घड्याळ, ट्रॅक्टर. तुझे बाबा यावलचे, केळीवाले — मग केळीचा घडच घेऊ. हा बघ, रबरावर कोरलाय, मीच. तू बस ना, खुर्चीवर बस, ते स्टूल डगमगतं. बाहेर ओट्यावर बसलेत ते माझे दीर, नवलभाऊ. त्यांच्याकडे लक्ष देऊ नको. सकाळपासून बसलेत. चहा दिला तो घेतला, पण उठत नाहीत.

का बसलेत म्हणजे — आता तुला काय सांगू. उद्या अखाजी, अक्षय्य तृतीया. तू माहेरी चाललीस, झोके घेशील, गाणी म्हणशील. अन् आमच्याकडे म्हणतात यंदा ह्यांच्या नावानं घागर भरायची. माझ्या नवऱ्याच्या नावानं. घागर कुणाची भरतात ते तुला ठाऊक आहे — वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, नैवेद्य दाखवायचा, गेलेल्या माणसाला पाणी पोचवायचं. पण माणूस गेलेला तर पाहिजे ना? हे नरडाण्याला कारखान्यात होते. पाळी संपवून निघाले ते घरी आलेच नाहीत, वर्षं झाली त्याला. बस, एवढंच झालंय. न येणं वेगळं अन् जाणं वेगळं. पण सासूबाईंना कोण समजावणार — त्या म्हणतात, पोरी, त्याना जीव पानीकरता तडफडी ऱ्हायना व्हई. मी म्हणते, जिवंत माणसाला घागरीतलं पाणी पाजायचं नसतं, अपशकुन होतो. नवलभाऊ बिचारे मधल्यामध्ये. माझा होकार घेतल्याशिवाय घागर आणायची नाही, असं त्यांनीच घरात सांगितलंय. म्हणून बसलेत.

शाई जास्त झाली बघ, बोलता बोलता. दुसरा कागद घेते. — होकार कसा देऊ? गेल्या महिन्यात तर सगळं होऊन गेलं. बोदवडकडून फोन आला, रुळाकडेला एक माणूस सापडलाय, अंगानं उंचीनं तुमच्या माणसासारखा आहे, येऊन बघा. गेलो. मी अन् नवलभाऊ. दाढी वाढलेली, हाडं वर आलेली, ओळख पटावी असं चेहऱ्यावर काही राहिलेलं नव्हतं. पण तीळ होता. उजव्या गालावर, चांगला ठसठशीत. अन् ह्यांचा तीळ डाव्या गालावर. मी सांगितलं, हे नाहीत. नवलभाऊ नुसते बघत राहिले. वहिनी, नीट बघा, म्हणाले. मी म्हटलं, बायकोला विचारता का नवऱ्याचा गाल कुठला? भावाचा तीळ कुठल्या गालावर ते पुरुषांच्या कुठलं लक्षात असतं? त्या माणसाचं मग बेवारस म्हणून तिथल्या लोकांनीच उरकलं.

तो आता रोज येतो. — स्वप्नात गं, घाबरू नको. दुपारी जरा डोळा लागला तरी येतो. त्या दाराशी उभा राहतो, नुसता मान वळवून उजवा गाल दाखवतो. मी हात जोडते, म्हणते, दादा, तुम्ही दुसऱ्या कुणाचे तरी आहात, तुमच्या घरी जा. तो जात नाही. परत मान वळवतो.

जाऊ दे. हे बघ, घड कसा उमटलाय. तुझे बाबा कार्ड खिशात घालून फिरतील. — ह्यांना? हो, ह्यांनाही करते ना. दर वाढदिवसाला एक. आले की सगळी एकदम देईन. हे घे, यंदाचं बघ. ह्यांचाच चेहरा आहे, मिशी, भांग अन् हा डाव्या गालावर तीळ. ज्या फोटोवरून कोरला तो हरवल्याच्या तक्रारीला लावला, परत मिळालाच नाही. नवलभाऊंच्या मोबाईलमध्ये आहे एक लग्नातला. दोनदा म्हणाले, वहिनी, एकदा बघून तर घ्या. मी नाही बघितला. कशाला? ज्या बाईनं नवऱ्याचा चेहरा हातानं कोरलाय, तिला फोटो दाखवता?

आता खाली 'बाबा' छापू. — अगं, उलटं दिसतंय ते बरोबर आहे. ठशावर उलटं कोरायचं तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. मलाही आधी कुठं माहीत होतं. पहिल्यांदा अक्षरं सरळ कोरली अन् छापल्यावर आरशातल्यासारखी आली, मीच हसत बसले. अक्षराचं बरं असतं, चुकलं की लगेच कळतं.

— काय म्हणालीस?

चेहरा? नाही, चेहरा उलटा नव्हता कोरला. तो माझा पहिलाच ठसा. अक्षरांच्या आधीचा. तेव्हा फोटो समोर ठेवला अन् जसा दिसला तसाच —

जसा दिसला तसाच कोरला.

थांब. त्या डब्यात असेल तो ठसा. दे इकडे. अन् ते कार्ड धर शेजारी. — ठशावर तीळ या बाजूला. कागदावर त्या, उलट्या बाजूला. भांगसुद्धा. भांग ते — हात लावून बघायचे, आरशाशिवाय पाडायचे, कुठल्या बाजूला — उजव्या का —

नाही, काही झालं नाही मला. पाणी नको. पाणी नको म्हटलं ना.

हे तुझं कार्ड. शाई ओली आहे, बोट लावू नको. पैसे राहू दे, तुझी बस जाईल. जाताना ओट्यावर नवलभाऊंना सांग, वहिनींनी आत बोलावलंय. मोबाईल घेऊन — नाही. तसं काही म्हणू नको. नुसतं आत या म्हण.

जा बाई आता.