सतरा नंबरची हाक

सरकारी दवाखान्यात स्कॅनच्या खिडकीपाशी शिंपीदादा कंबर धरून उभे होते. त्यांना चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. ती अलीकडे आणता येते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पुढे एक आजी खिडकीतल्या मुलाशी बोलत होत्या.

"बाळा, आजचा सतरा नंबर आमच्या ह्यांचा. तो रद्द कर."

"अहो, का? सहा महिन्यांनी लागलाय ना?"

"ते गेले. पंधरा दिवस झाले."

"अरेरे! आजी, फोन करायचात. कशाला हेलपाटा घातलात?"

"आठ दिवस करतेय. कोणी उचलेल तर शपथ."

"खिडकीवर मीच, फोनवरही मीच. पण रद्द करायला पेशंटची सही लागते हो."

"ती आता कुठून आणू?"

"नाहीतर मृत्यूचा दाखला."

"तो अजून मिळायचाय."

"मग कॉम्प्युटर पुढेच जात नाही, आजी."

"आणि पेशंट आलाच नाही, तर?"

"तीन हाका मारतो. मग या खिडकीच्या रांगेत पुढे असेल त्याला घेतो."

"मग मार की हाका! हे मागचे दादा केव्हाचे कंबर धरून उभे आहेत."

"आजी, अहो, मी कसा..." शिंपीदादा पुटपुटले.

"तुम्ही गप्प उभे राहा. मशीन रिकामं पडायला नको."

खिडकीतल्याने घसा खाकरला.

"सतरा नंबर!"

कोणी उठलं नाही.

"सतरा नंबर..."

तिसरी हाक काही त्याच्या तोंडून फुटेना.

"मार रे, बाळा. आणि जरा मोठ्यानं मार. त्यांना कमी ऐकू यायचं."