बैलाच्या नावाचं हुलगं

आता काय सांगू तुमाला ताई, सांगन्यासारखं असतं तर मीच चार मानसांत सांगितलं असतं. तुमी इचारलं तुमच्या घरी सैपाक कोन करतं, आन् मी खाली बघाया लागलो, तवाच तुमाला कळलं असंल. लिवा, पन माझं नाव तेवढं बदलून लिवा. गावात समद्यांना ठावंच हाय, पन लिवलेलं वाचलं की मानूस परत हसतो.

माझा जल्म हितलाच, काष्टीच्या अलीकडं ही आमची वस्ती. पाट आला तवापासून समदीकडं ऊस झाला, त्याच्या आधी ह्या बरड रानात बाजरी आन् हुलगं, तुमी कुळीथ म्हनता ते, दुसरं काय पिकायचंच न्हाई. आमचे दादा, म्हंजी माझे वडील, लई कडक मानूस. जेवाया बसले आन् मीठ कमी असलं तर तोंडानं बोलायचे न्हाईत, बोटानं ताटाच्या कडंवर टक टक करायचे, की आई आतून मीठ घिऊन पळत यायची. चुलीच्या खोलीत कुनी गडी मानूस गेलेला मी पाह्यला न्हाई. मलाबी तसंच आयतं मिळत गेलं, आधी आईकडून, मंग लगीन झाल्यावर संतोषच्या आईकडून. संतोष म्हंजी आमचा पोरगा, चाकणला कंपनीत हाय. बैलाचे दात बघून मी त्याचं वय सांगन, उसाचा फड बघून किती टन निघंल ते सांगन, पन माझ्या सोताच्या घरात मीठ कुठल्या डब्यात ठिवतात ते मला म्हातारपनापातूर ठावं नव्हतं. खोटं न्हाई सांगत.

आन् गाव कसं असतं तेबी सांगतो. आमच्या हितं एका मानसाची बायको बाळंतपनाला म्हायेरी गेल्ती, आन् त्यो घरी भाकरी थापताना कुनीतरी खिडकीतनं पाह्यला. झालं, थापट्या नाव पडलं. त्यो मानूस मेला, त्याचा पोरगा म्हातारा झाला, तरी मागं नातवाचं लगीन निघालं तवा लोकं एकमेकाला इचारीत हुते, थापट्याच्या घरच्या लग्नाला जायचं का न्हाई. म्या सोता इचारलंय तसं. म्हनून भ्याव हुतं मला, उगाच न्हाई.

तर काय झालं, कांदा काढनी चालू हुती आन् संतोषची आई वाफ्यात बसल्या जागी कलंडली. मला वाटलं ऊन लागलं. नगरला दवाखान्यात नेली तर डाक्टर म्हनले लकवा हाय, उजवी बाजू गेली. घरी आनली तवा हात असा लोंबकळत, तोंड वाकडं, जीभ जड. पोरगा म्हनाला आई तू चल चाकणला, तर ही म्हनती त्या दोन खोल्यांत माझं अंथरून टाकाल कुठं, मी माझ्या घरात बरी. मंग ऱ्हायलो आमी दोघंच.

शेजारी माझ्या चुलतभावाची मंडळी हाय, कमळ. मनानं वाईट न्हाई बगा, दोन टायमाला डबा घिऊन यायची. पन डब्यासंगं बोलायची. खा बाई खा, काय दिवस आनले गं देवानं तुझ्यावर, किती राबायचीस, आता दुसऱ्याच्या हाताकडं बघायची येळ आली. असं रोज, दोन्ही टायमाला. ही घास तोंडात ठिवायची आन् डोळ्यांतनं पानी. एक दिस कमळ गेल्यावर मला म्हनाली, उद्यापासून डबा नगं. म्हनलं मंग खायाचं काय? तर म्हनाली, तुमी करा. मी हसलोच. ती न्हाई हसली. म्हनाली, दार लावून करा, मी सांगते तसं, आन् भाईर कुनाला कळलं तर बगा, नवऱ्याला चुलीम्होरं बसवलं म्हनत्याल मला, मी मेलेली बरी. म्हंजी लाज मला एकट्याला नव्हती ताई, तिलाबी हुती. मी कमळला सांगून टाकलं, वैनी, आता ही डाव्या हातानं करती थोडं थोडं, डबा आनू नगा.

पयला तांदूळ केला, त्यो बुडाला लागला. वांग्याची भाजी केली ती गाईनंबी खाल्ली नसती. मंग तीच म्हनाली, हुलगं करा, त्यात चुकायचं काय न्हाई, रातीला भिजवा, सकाळी शिजवा, बास. हुलगं घरातच हुतं पोतंभर, बैलासाठी ठिवलेलं. आमचा पवळ्या हुता ना, म्हातारा बैल, त्याच्यासाठी मी अंगनात तीन दगडांच्या चुलीवर हुलगं शिजवायचो, थकल्या बैलाला लई चांगलं असतं. हे काम गड्याचंच, त्याला कोन हसनार? माझ्या डोक्यात तवा आलं. म्हनलं अंगनातल्याच पातेल्यात जरा जास्ती टाकू, बैलाच्या नावावर शिजवू आन् तांब्याभर आत नेऊ.

तसंच चाललं मंग. सकाळी समद्या आळीच्या देखत मी चुलीपुढं बसायचो, जाळ घालायचो, येनारा जानारा म्हनायचा, काय भाऊ, बैलाची खातिरदारी चाललीय व्हय, मी म्हनायचो, व्हय तर. शिजलं की वरचं पानी, कळन म्हंत्यात त्याला, ते गाळून तांब्यात, हुलगं वाटीत, पदराखाली लपवावं तसं उपरन्याखाली लपवून घरात. बाकीचं बैलाला. मंग दार लावायचं. ती कॉटवर बसून सांगायची, तेल टाका, आता जिरं, लसून ठेचून टाका, जळू देऊ नगा, आता काळा मसाला, न्हाई न्हाई एवढा न्हाई, शेंगदान्याचा कूट, चिचंचं पानी, मीठ सगळ्यात शेवटी. कळनाची आमटी झाली. वाटीतल्या हुलग्याची कांदा घालून उसळ झाली. भातावर वतून दिलं तर ती नुसती खात ऱ्हायली. मीबी खाल्लं. आता खरं सांगतो, बरं लागलं मला, आन् बरं लागलं याचीच आनखी लाज वाटली.

फुडं मटकी जमली. फडक्यात बांधून गोठ्यात खुंटीला टांगायचो, दुसऱ्या दिशी मोड. पन भाकरी काय जमंना, अजून जमत न्हाई, चंद्र करायला जातो तर काष्टीचा नकाशा हुतो. म्हनून मंग तिनं शेंगोळं शिकवलं. हुलग्याच्या पिठात मूठभर कनीक, लसून, मिरची, जिरं, मीठ, घट्ट मळायचं, आन् दोन हातांच्या तळव्यात वळून वळून लांब करायचं. ते मला पयल्याच झटक्याला आलं. जल्मभर दावी वळली की ओ, पीळ कसा द्यायचा ते हाताला म्हाईत. ती बघत हुती, वाकड्या तोंडानं हसली, म्हनली दाव्यावानी लांब करू नगा, बैल बांधायचा न्हाई. आजारपनात पयल्यांदा हसली ती. फोडनीच्या उकळत्या पान्यात ते वळलेलं सोडायचं, शिजलं की त्यातच जेवन झालं, भाकरीची गरज न्हाई, भाताची न्हाई. एक पातेलं, दोन मानसं.

कमळ मधनंच म्हनायची, भावजी, तुमचा बैल एवढं हुलगं खातो पन त्याच्या अंगाला कसं लागंना? मी म्हनायचो, म्हातारा झालाय. ती बरं म्हनायची, पन तिची नजर माझ्या उपरन्याकडं असायची. मी उपरनं आनखी आवळून घ्यायचो.

मंग पवळ्याला इकायची पाळी आली. नांगरट समदी ट्रॅक्टरनं हुती, हिला टाकून मला त्याला चारायला नेता येईना, दावनीलाच उभा ऱ्हायचा. काष्टीच्या बाजारात नेला आन् दिला एका चांगल्या मानसाला. घरी आलो तर दोघं बी जेवलो न्हाई. आन् दुसऱ्या दिशी सकाळी मी काय केलं ताई, उठलो, तोंड धुतलं, रोजच्यासारखी अंगनातली चूल पेटवली आन् हुलग्याचं पातेलं चढवलं. हाताला सवय पडलेली. ध्यानातच न्हाई. जाळ घालत बसलो असंल, तेवढ्यात कमळ आन् आनखी दोघी तिघी खुरपायला निघालेल्या, दारात थांबल्या. कमळ म्हनली, भावजी, बैल तर काल इकला ना?

मी वर बघितलं. दावनीला नुसतं दावं पडलेलं. तोंडाला आलं ते बोललो, दुसरा आनायचाय. त्यातली एक म्हनाली, मंग त्यो यायच्या आधीच त्याचं शिजवून ठिवताय व्हय? आन् ज्या हसल्या ना त्या, पार बांधापातूर हसत गेल्या. माझ्या हातातलं जळन हातातच ऱ्हायलं. आत हिनं समदं ऐकलं हुतं.

सांजच्याला टपरीवर गेलो तर एक जन सरकून जागा देत म्हनाला, बसा हुलगंआन्ना. समदी खाली मान घालून चहा प्याया लागली, हसू दाबत. मी चहा न पिताच उठलो. घरी येऊन हिला म्हनलं, आता मला हुनार न्हाई, झालं तेवढं बास. मंग कमळच्या हातापाया पडून डबा परत चालू केला. ती आली, डबा उघडला, आन् परत तेच, खा बाई, भावजींनी बिचाऱ्यांनी लई केलं, गड्याला कुठवर जमायचं. हिनं भितीकडं तोंड केलं. जेवलीच न्हाई. मी म्हनलं खा थोडं, तर म्हनाली, लोकांचं हसनं मी गिळीन ओ, त्यांची कीव मला गिळवत न्हाई.

दुसऱ्या दिशी मी रानात पानी धराया गेल्तो. परत येताना आळीच्या तोंडालाच हिचा आवाज ऐकला. जड जिभेचा, पन मोठा. पळत आलो. बघतो तर काय, ही कॉटवरनं उतरून, भितीला धरधरून वसरीवर आलेली, आन् डाव्या हातानं हुलग्याचा डबा उघडाया गेली असंल, तर समदं हुलगं वसरीभर सांडलेलं, पायरीवरनं पार रस्त्यात गेलेलं. मधी ही फतकल मारून बसलेली. कमळ दारात उभी, आनखी दोन बाया उभ्या, टपरीवरचा एक जनबी थांबलेला. कमळ वाकून गोळा कराया गेली तर ही म्हनली, ऱ्हाऊ दे गं. आन् माझ्याकडं बघून, समद्यांच्या देखत, अहो, या, हुलगं निवडायला बसा, मला आज तुमच्या हातचं शेंगोळं खायाचंय.

एवढं मोठ्यांदा ती कधी बोलली न्हवती, धडधाकट हुती तवाबी न्हाई. वाटलं माघारी वळावं, रानात जावं. पन ती बसलेली हुती ना तिथं खाली, तिला एकटीला उठता येत न्हवतं. मंग मी चपला काढल्या आन् तिच्याम्होरं खाली बसलो, आन् एक एक हुलगं उचलाया लागलो. कोन कवा गेलं मला म्हाईत न्हाई, मी मान वर केलीच न्हाई. डोळ्यातलं पानी हुलग्यावर पडत हुतं आन् ती म्हनत हुती, आत्ताच भिजवू नगा, आधी खडं काढा.

तवापासून दार उघडं ठिवूनच करतो. हुलगंआन्ना नाव पडायचं ते पडलं, आता नातवापातूर जाईल. तुमाला वाटंल लाज गेली असंल, तर न्हाई गेली. वसरीवर निवडाया बसलो आन् रस्त्यानं कुनी निघालं की अजून माझी मान आपसूक खाली जाती. हात थांबत न्हाईत, एवढंच.

झालं बगा शेंगोळं, बसा, चार घास खाऊन जा, उपाशी जाऊ नगा. देव तुमचं भलं करो. आन् चवीला बरं लागलं तर मला सांगू नगा ताई, मला कसनुसं हुतं. आत जा आन् तिला सांगा. तिच्याच हातचं हाय ते, हात फक्त माझे.